कवयित्री व्हायला निघालेल्या एलायझाने इंग्रजांना रेसिपी कशी लिहायची ते शिकवलं

कुठलीही रेसिपी उघडून बघा. युट्यूबच्या व्हिडिओखाली लिहिलेली असो, इन्स्टाच्या रीलवरची असो नाहीतर वर्तमानपत्राच्या पुरवणीतली. दोन गोष्टी हमखास सापडणार. कोणतं साहित्य किती घ्यायचं आणि शिजायला किती वेळ लागणार. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण रेसिपी म्हटलं की ती अशीच असणार हे आपण धरून चालतो.

पण साधारण १८० वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं की बऱ्याचदा वेगळाच प्रकार असायचा. लोणी बेताचं घ्या, मांस शिजत आलं की उतरवा, मसाला आवडीप्रमाणे टाका. ज्याला आधीच स्वयंपाक येतो, त्यालाच कळेल असं सगळं. नवीन लग्न झालेल्या, आईपासून लांब शहरात संसार थाटलेल्या मुलीने हे वाचून करायचं काय?

हा गोंधळ निस्तरला एका बाईने. तिचं नाव एलायझा ॲक्टन. आणि गंमत म्हणजे तरुणपणी या बाईच्या डोक्यात पुडिंग, पाय वगैरे काही नव्हतं. तिला व्हायचं होतं कवयित्री.

एलायझाचा जन्म १७ एप्रिल १७९९ चा. गावाचं नाव बॅटल, म्हणजे शब्दशः लढाई. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये हे गाव आहे आणि १०६६ सालची हेस्टिंग्जची प्रसिद्ध लढाई इथे झाली म्हणून गावाला हे नाव पडलं. पण एलायझा वाढली ती सफोकमधल्या इप्सविच शहरात. तिचे वडील जॉन ॲक्टन तिथे बिअर बनवण्याच्या धंद्यात होते. घर खातंपितं होतं, पोरंबाळं बरीच होती आणि एलायझा सगळ्यांत थोरली.

त्या काळात मध्यमवर्गीय इंग्रज घरातल्या मुलीला पोट भरायचं असेल तर रस्ते मोजकेच होते. लग्न करा, कुणाच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहा, नाहीतर स्वतःची शाळा काढा. एलायझाने तिसरा रस्ता धरला. १८१७ साली, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षी, तिने इप्सविचजवळच्या क्लेडन गावात एका मैत्रिणीसोबत मुलींसाठी निवासी शाळा काढली. पुढे दोन-तीन वर्षांत ती त्यातून बाहेर पडली आणि १८२२ मध्ये बहिणींना सोबत घेऊन दुसरी शाळा सुरू केली. तरुणपणी ती काही दिवस फ्रान्समध्येही राहून आली. तिथल्या जेवणाची तिच्यावर जी छाप पडली, ती पुढे तिच्या लिखाणात कायम दिसत राहिली.

शाळा चालवणं हे पोटापाण्याचं काम झालं. मनात मात्र कविता चालू होत्या.

१८२६ मध्ये तिचा पहिला कवितासंग्रह इप्सविचमधून छापला गेला. तेव्हाची पद्धत अशी होती की पुस्तक छापण्याआधी ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि त्या पैशात पुस्तक काढायचं. आजच्या भाषेत क्राऊडफंडिंग म्हणा. एलायझाच्या संग्रहाला बरेच वर्गणीदार मिळाले आणि दुसरी आवृत्तीही निघाली. कवितांचे विषय म्हणजे प्रेम, विरह, हातातून सुटून गेलेलं काहीतरी. पुस्तकावर नाव झळकलं होतं. सत्तावीस वर्षांच्या मुलीला वाटलं असेल की आता आपली गाडी रुळावर लागली.

आणि पुढच्याच वर्षी घराचे वासे फिरले.

१८२७ मध्ये वडिलांचं दिवाळं निघालं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये दिवाळं निघणं ही नुसती पैशाची अडचण नव्हती. कर्ज फेडता आलं नाही म्हणून माणसं तुरुंगात जायची आणि घराण्याचं नाव चारचौघांत निघायचं. ॲक्टन कुटुंबाला इप्सविच सोडावं लागलं. एलायझा आणि तिची आई केंट परगण्यातल्या टनब्रिजला आल्या आणि बॉर्डिक हाऊस नावाच्या घरात राहू लागल्या.

घर चालवायचं कसं? तर आईने घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवायला सुरुवात केली. राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. आता असं घर चालवायचं म्हणजे सगळं स्वयंपाकघरावर येऊन ठेपतं. जेवण बिघडलं तर पाहुणा दुसरं घर शोधणार. सामान वाया गेलं तर महिन्याचा हिशोब बसणार नाही. कवितासंग्रहाची कवयित्री आता मटणाचा भाव, चुलीची धग आणि उरलेल्या पावाचं काय करायचं या प्रश्नांत रोज गुंतलेल्या घरात राहत होती.

कविता मात्र सुटली नव्हती. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया पहिल्यांदा स्कॉटलंडला गेली, त्या प्रसंगावरही एलायझाने एक दीर्घ कविता लिहिली. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. लग्न झालेलं नव्हतं आणि मोठी कवयित्री म्हणून नावही झालं नव्हतं.

इथे एक किस्सा नेहमी सांगितला जातो. एलायझा आपल्या नव्या कवितांचं बाड घेऊन लंडनच्या लाँगमन या मोठ्या प्रकाशकाकडे गेली. प्रकाशकाने बाड परत केलं आणि सांगितलं की बाई, कविता आता कोण घेतंय, त्यापेक्षा स्वयंपाकाचं एखादं चांगलं पुस्तक असेल तर आणा. हा किस्सा दंतकथा म्हणूनच घ्यायचा. पण त्यात एक गोष्ट खरी आहे. एलायझाने स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं आणि ते लाँगमननेच छापलं.

त्यासाठी तिला लागली जवळपास दहा वर्षं.

दहा वर्षं कशाला लागली असतील? कारण तिने एक हट्ट धरला होता. थोडे अपवाद सोडले तर पुस्तकात जाणारा प्रत्येक पदार्थ आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर करून बघितलेला असला पाहिजे. त्या काळात स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणारे लोक बिनधास्त एकमेकांच्या पुस्तकांतून पानंच्या पानं उचलायचे. एलायझाने वजन करायला घेतलं, घड्याळ लावलं आणि एकेक पदार्थ करून बघितला.

आजच्यासारखा ओव्हन नव्हता हे लक्षात घ्या. तापमानाचा आकडा दाखवणारं बटण नव्हतं. कोळशाची शेगडी, भट्टी आणि अंदाज. अशा ठिकाणी एखादं पुडिंग साडेतीन तास उकडायचं की चार तास, हे दुसऱ्याला खात्रीने सांगायचं असेल तर ते स्वतः करून बघण्याशिवाय मार्ग नव्हता.

१८४५ मध्ये पुस्तक बाजारात आलं. नाव होतं मॉडर्न कुकरी. अर्पणपत्रिकेत कुणी राजा नव्हता की उमराव नव्हता. पुस्तक अर्पण केलं होतं इंग्लंडमधल्या नव्याने संसाराला लागलेल्या तरुण गृहिणींना.

आता या पुस्तकात नवीन काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे मांडणी. पदार्थ कसा करायचा हे आधी सलग सांगितलेलं आणि शेवटी एका छोट्या सारांशात सगळं साहित्य मापासकट दिलेलं. त्याच ओळीत शिजायला लागणारा वेळ. बाजारात जायचं असेल तर तो सारांश बघा, सामान आणा आणि चूल पेटवा. घरगुती स्वयंपाकाच्या इंग्रजी पुस्तकांत ही पद्धत पक्की करण्याचं श्रेय एलायझालाच दिलं जातं. पुढच्या लोकांनी फक्त हा सारांश उचलून रेसिपीच्या वर नेऊन ठेवला.

दुसरी गोष्ट म्हणजे तिची भाषा. तिचं वाक्य नेमकं असायचं. पीठ किती सैल हवं, रंग कधी बदलतो, हात कुठे थांबवायचा, हे ती असं सांगायची की वाचताना भांडं डोळ्यांसमोर यावं. नुसती कृती देऊन ती थांबायची नाही. पदार्थ कुठे बिघडू शकतो आणि काय बदललं तर आणखी चांगला होईल, याच्याही सूचना द्यायची. वीस-पंचवीस वर्षं कविता लिहिताना शब्द तोलायची जी सवय लागली होती, ती इथे कामी आली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पदार्थ. आज ब्रिटिश जेवण म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं बरंच काही या पुस्तकात व्यवस्थित लिहून ठेवलेलं सापडतं. उकडलेली पुडिंग्ज, पाय, भाजलेलं मांस, सॉस, मुरंबे, लोणची.

ख्रिसमस पुडिंगचंच बघा. इंग्रज लोक मनुका घातलेलं गोड पुडिंग कित्येक पिढ्या खात होते, त्याला प्लम पुडिंग म्हणायचे. पण स्वयंपाकाच्या पुस्तकात त्याला ख्रिसमस पुडिंग हे नाव पहिल्यांदा एलायझाने दिलं, असं मानलं जातं. तिचं माप असं होतं. तीन औंस मैदा आणि तेवढाच पावाचा चुरा. सहा औंस बारीक चिरलेली गुरांची चरबी, सहा औंस बिया काढलेल्या मनुका आणि सहा औंस काळ्या बेदाण्यासारखे करंट्स. त्यात थोडं सफरचंद, साखर, संत्र्याची पाकवलेली साल, जायफळ, छोटा ग्लासभर ब्रँडी आणि तीन अंडी. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. हे सगळं फेटायचं, पीठ भुरभुरलेल्या जाड फडक्यात घट्ट बांधायचं आणि साडेतीन तास उकडायचं. आज कुणालाही हे वाचून पुडिंग करता येईल इतकं ते स्वच्छ आहे.

पण या पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट आहे ती रूथ पिंचच्या पुडिंगची.

रूथ पिंच ही खरी बाई नव्हे. चार्ल्स डिकन्सच्या मार्टिन चझलविट या कादंबरीतलं ते पात्र. ही कादंबरी १८४३-४४ मध्ये हप्त्याहप्त्याने छापून येत होती आणि लोक पुढच्या हप्त्याची वाट बघायचे, आपण वेब सिरीजच्या पुढच्या सिझनची बघतो तशी. त्यात एक प्रसंग आहे. रूथ आपल्या भावासाठी लंडनच्या छोट्याशा बिऱ्हाडात आयुष्यात पहिल्यांदा बीफस्टेक पुडिंग करायला घेते. जमेल की नाही याची तिला धाकधूक असते आणि भाऊ शेजारी बसून कौतुकाने बघत असतो.

कादंबरीतलं पुडिंग कुणाला खाता येणार? पण एलायझाने ते खरोखर चुलीवर आणलं. नेहमीच्या बीफस्टेक पुडिंगच्या पारीत चरबी असते. तिने चरबीऐवजी लोणी आणि अंड्यांचा पिवळा बलक घालून पारी मळायला सांगितली आणि पदार्थाला थेट रूथ पिंचचं नाव देऊन टाकलं. १८४५ मध्येच तिने आपलं पुस्तक डिकन्सला पाठवलं आणि डिकन्सनेही पत्र लिहून तिचे आभार मानले. टनब्रिजमध्ये पाहुण्यांचं घर चालवणाऱ्या आईची ही मुलगी, आणि तिच्या पुस्तकाची पोच देत होता इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला लेखक. तरुणपणी लेखक म्हणून नाव व्हावं असं जे स्वप्न तिने बघितलं होतं, ते असं पुडिंगच्या वाटेने आलं.

तिची विनोदबुद्धीही याच पुस्तकात दिसते. एका पदार्थाचं नाव तिने ठेवलं प्रकाशकाचं पुडिंग. त्यात बदाम, साय, ब्रँडी असा सगळा श्रीमंती थाट. दुसऱ्याचं नाव ठेवलं गरीब लेखकाचं पुडिंग. त्यात काय, तर दूध, थोडी साखर, तीन अंडी, दालचिनी आणि वरून लोणी लावलेल्या पावाचे तुकडे. पुस्तकाच्या धंद्यात मलई कुणाच्या वाट्याला जाते आणि पाव कुणाच्या, हे तिने तक्रारीचा एक शब्दही न लिहिता सांगून टाकलं.

पुस्तक तुफान चाललं. त्याच वर्षी ते पुन्हा छापावं लागलं आणि अमेरिकेतही त्याची आवृत्ती निघाली. ब्रसेल्स स्प्राऊट्स कसे शिजवायचे हे इंग्रजीत पहिल्यांदा तिने लिहिलं, स्पॅगेटीचा उल्लेख इंग्रजी स्वयंपाकाच्या पुस्तकात पहिल्यांदा तिने केला, असं खाद्य-इतिहासाचे अभ्यासक सांगतात.

आणि हो, आपल्याकडचा स्वयंपाकही तिच्या पुस्तकात पोचला होता. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करून परतलेल्या इंग्रजांनी भारतातल्या चवी मायदेशी नेल्या होत्या. तमिळमधल्या मिरीच्या पाण्यावरून नाव पडलेलं मुलिगाटानी सूप एलायझाच्या पुस्तकात आहे. करीसाठी वेगळा भाग आहे. आपली खिचडी तिथे केजरी होऊन बसली आहे, भात, मासे आणि अंडी घालून केलेला नाश्त्याचा पदार्थ म्हणून.

पण करीबद्दल तिने जे लिहिलंय ते वाचून कुठलीही मराठी आजी मान डोलावेल. तिचं म्हणणं होतं की इंग्लंडमधल्या करीत हळद आणि तिखट वाजवीपेक्षा जास्त पडतं. हळदीचा मारा केला की चवही जाते आणि रंगही. भारतातली करी चांगली होते, कारण तिथे ताजं, हिरवं साहित्य मिळतं, जे इंग्लंडमध्ये मिळत नाही. उपाय म्हणून तिने सांगितलं की ओला नारळ खवून करीच्या रश्श्यात तासभर शिजू द्या, चव कितीतरी सुधारते. हे एक इंग्रज बाई १९ व्या शतकात लिहीत होती.

आता गोष्टीचा कडू भाग.

पुस्तक गाजलं तसे त्याच्यावर डल्ला मारणारेही वाढले. तिने दहा वर्षं खपून तयार केलेल्या रेसिपी लोक उचलायचे आणि आपल्या नावावर खपवायचे. बरीच वर्षं ती गप्प राहिली. १८५५ मध्ये पुस्तकाची नवी, वाढवलेली आवृत्ती आली, तेव्हा मात्र प्रस्तावनेत तिने मनातलं बोलून टाकलं. अनेक पदार्थांखाली ही लेखिकेची स्वतःची रेसिपी आहे अशी नोंद तिने केली होती. हे मिरवण्यासाठी केलेलं नाही, स्वतःचं रक्षण करण्यासाठी केलंय, असं तिने स्पष्ट केलं. या पुस्तकाच्या कष्टांनी आपली तब्येत ढासळली आणि अशा वेळी परके लोक आपल्या मेहनतीचं श्रेय आणि पैसा दोन्ही घेऊन जाताना शांतपणे बघवत नाही, असं तिचं म्हणणं होतं. आज कुणाचं रील उचलून दुसऱ्याने टाकलं की जो संताप होतो, तोच हा संताप.

तब्येत साथ देत नव्हती तरी १८५७ मध्ये तिचं आणखी एक पुस्तक आलं, फक्त पावावर. तेव्हा इंग्लंडमध्ये पाव पांढरा दिसावा म्हणून पिठात तुरटी मिसळण्याचे प्रकार सर्रास चालायचे. गरिबाचं मुख्य अन्न पाव आणि त्यातच भेसळ. एलायझाने घरी पाव कसा भाजायचा हे इत्थंभूत सांगितलं आणि या भेसळीविरुद्धही लिहिलं. अन्नातल्या भेसळीविरुद्धचा ब्रिटनचा पहिला सर्वसाधारण कायदा १८६० मध्ये झाला. तो बघायला ती राहिली नाही.

१३ फेब्रुवारी १८५९ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये एलायझाचं निधन झालं. वय होतं ५९.

दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, इझाबेला बीटन या तरुणीचं घरकामावरचं जाडजूड पुस्तक आलं. नवरा प्रकाशक असल्यामुळे जाहिरात जोरात झाली आणि मिसेस बीटन हे नाव घराघरांत गेलं. पुस्तक उत्तम मांडलेलं होतं यात शंका नाही. पण त्यातल्या बऱ्याच रेसिपी आधीच्या पुस्तकांतून घेतलेल्या होत्या आणि त्यात एलायझाच्याही भरपूर होत्या. इंग्रजी स्वयंपाक म्हणजे मिसेस बीटन असं समीकरण झालं आणि एलायझाचं नाव हळूहळू मागे पडत विसाव्या शतकात जवळपास पुसलं गेलं.

तिला पुन्हा उजेडात आणलं ते स्वयंपाकावर लिहिणाऱ्या बायकांनीच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला चांगलंचुंगलं खायला शिकवणाऱ्या एलिझाबेथ डेव्हिड यांनी एलायझाचं पुस्तक हे इंग्रजी भाषेतलं सर्वोत्तम स्वयंपाकाचं पुस्तक असल्याचं सांगितलं. टीव्हीवरून ब्रिटनला स्वयंपाक शिकवणाऱ्या डेलिया स्मिथ यांनीही तिचं ऋण मानलं. १९९० च्या दशकात तिचं पुस्तक पुन्हा छापून आलं आणि २०२२ मध्ये तर तिच्या आयुष्यावर कादंबरीही आली. डिकन्सच्या पात्राला खऱ्या स्वयंपाकघरात आणणारी बाई आता स्वतःच कादंबरीतलं पात्र झाली.

तिच्या कविता मात्र आज अभ्यासक सोडले तर फारसं कुणी वाचत नाही. पण डिसेंबर आला की तिचं ते फडक्यात बांधलेलं पुडिंग अजूनही कुणीतरी तिच्याच मापाने उकडायला ठेवतं. साडेतीन तास, घड्याळ लावून.